मदत हवी आहे: खाणीचा गाळ बसलेल्या भातशेतीचं काय करू?

गोव्यात डिचोली तालुक्यात आमची साधारण ४००० चौरस मीटर शेती आहे, वरच्या अंगाला जुन्या लोहखनिज खाणीचा डंप (खाणीतून काढून टाकलेल्या टाकाऊ मातीचा ढीग). २०१८ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने खाणी थांबल्या पण डंप आहे तिथंच आहे, पाऊस लागला की लाल चिखल खाली शेतात.

लावणीनंतर तीनेक आठवड्यांत पानांवर तांबूस ठिपके येतात, रोप उपटलं तर मुळांवर गंजासारखा लेप. माती तपासून घेतलीये, पीएच ४.९ (म्हणजे आम्लधर्मी), लोह आणि मँगनीज दोन्ही जास्त. जेसीबीने वीतभर थर काढला, चुना टाकला, वर बांध घातला, पहिल्या वर्षी बरं होतं, दुसऱ्या वर्षी बांधच फुटला. (युरिया वाढवा म्हणू नका, तेही करून झालंय.) डंप खाणीच्या लीजमध्ये (भाडेपट्ट्याच्या जागेत) येतो त्यामुळे तिथं आपल्याला काही करता येत नाही, भरपाईचा अर्ज वेगळा चालू आहे, तो विषय नको.

पाणी सतत तुंबवून ठेवण्यापेक्षा मधेमधे निचरा करून कुणाला फरक पडलाय का, चुना किती आणि लावणीच्या किती दिवस आधी टाकायचा, आणि खरवडलेला गाळ शेवटी नेऊन टाकायचा कुठे?