बेंझोएट वाढवण्याआधी सामू तपासा

फळमाशीच्या अळ्या वाढवायच्या खाद्यात कोंडा, साखर, यीस्ट आणि बुरशी रोखणारं बेंझोएट घालूनही तिसऱ्या दिवशी ट्रेवर बुरशी येते, असं मूळ प्रश्नात आहे. त्यावर कुणी बेंझोएट दुप्पट करा म्हणालंय, ते काही पटलं नाही. सोडियम बेंझोएट आम्ल माध्यमातच नीट काम करतं. खाद्याचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) 4च्या आसपास नसेल तर कितीही ओता, बुरशी हसत राहील आणि अळ्या मात्र मरतील. थोडं सायट्रिक ॲसिड घाला, सामूची पट्टी बुडवून बघा. निपाजिन (हेही बुरशीरोधकच) वापरत असाल तर आधी अल्कोहोलमध्ये विरघळवा, पाण्यात ते जेमतेम विरघळतं.

दुसरं, गूळ. ड्रोसोफिलासाठी (प्रयोगशाळेत पाळतात ती चिमुकली माशी) मका-गूळ-अगर हे जुनंच खाद्य, आणि कोल्हापुरात गुळाला काय तोटा! पण मार्केट यार्डातला पिवळाधमक गूळ बघून भुलू नका. रंगासाठी हायड्रॉस (गूळ उजळवायची गंधकयुक्त पावडर) मारलेला असला तर त्यातला गंधकाचा अंश यीस्टलाच मारक. मी काळपट, बिनकेमिकलचाच घेतो. (चहालाही तोच बरा.)

आंब्या-पेरूवरची फळमाशी ही वेगळीच जात, बॅक्ट्रोसेरा. तिला कोंडाच बरा. लक्ष्मीपुरीतून आणलेला कोंडा आधी ओव्हनमध्ये तापवा, त्यातले किडे आणि बरीचशी बुरशी तिथंच संपते. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. गळलं तर अळ्या गुदमरतात.

आणि ट्रेखाली ओलसर वाळू ठेवा. पूर्ण वाढलेल्या अळ्या कोषात जायला चक्क उड्या मारून बाहेर पडतात. पहिल्यांदा माझ्या टेबलभर झाल्या होत्या.