मदत हवी आहे: बहीण एमबीबीएस फर्स्ट इयरला, टेन्शनमुळं झोपच नाही

नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीचे. लहान बहीण बाहेरगावी एमबीबीएस फर्स्ट इयरला आहे, हॉस्टेलवर राहते. बारावीपर्यंत कायम पहिली येणारी पोरगी ॲनाटॉमीच्या इंटर्नलला नापास झाली आणि तेव्हापासून फोनवर नुसती रडतीय, झोप 3-4 तास, जेवणाचा पत्ता नाही, चहावरच दिवस काढते आणि म्हणते दादा सगळ्यांना जमतंय मलाच जमत नाही. (सगळ्यांना कुठलं जमतंय, पण कबूल कोण करणार!) मागच्या रविवारी घरी आलेली तेव्हा आयर्विन पुलाकडं फिरवून आणलं, भडंग खाल्लं, जरा हसली, पण परत जाताना एसटीत बसल्या बसल्या डोळ्यात पाणी. आई म्हणते नजर लागली, पप्पा म्हणतात अभ्यास वाढव, मला दोन्ही पटत नाही.

सरकारची मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फ्री आहे, 24 तास चालू असते, मराठीत पण बोलतात. नंबर दिलाय तिला, पण कॉलेजात कळलं तर काय म्हणून घाबरते. इथं कुणी डॉक्टर किंवा मेडिकलचे स्टुडंट असतील तर सांगा ना, फर्स्ट इयर तुम्ही कसं काढलं? काउन्सेलरकडं जायला तिला कसं तयार करू? सांगली-मिरजेत चांगले मानसोपचार तज्ज्ञ माहीत असतील तर इनबॉक्स करा.

आणि प्लीज, नुसतं "योगा कर" लिहू नका, ते सांगून झालंय सगळ्यांचं.