मदत हवी आहे: लघवीचा रिपोर्ट दोघींचा सारखाच, औषध मात्र एकीलाच?

ओवी_२
घरातल्या दोघींच्या युरीन कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) ई. कोलाय हे आतड्यातले जंतू आले, दोन्हीकडे दर मिलीला १ लाखाच्या वर. सासूबाई ७८ वर्षांच्या, मधुमेह आहे, त्रास काहीच नाही. नेहमीच्या तपासण्यांसोबत हीही केली होती. जाऊबाईंना पाचवा महिना, त्यांनाही जळजळ किंवा ताप नाही. डॉक्टरांनी जाऊबाईंना गोळ्या दिल्या आणि सासूबाईंना काही नको म्हणाले. पस सेल्स (लघवीतल्या पांढऱ्या पेशी) तर सासूबाईंचेच जास्त, २० ते २५! मधुमेह असताना हे असंच सोडायचं का?

सूक्ष्मदर्शक
दोन्ही निर्णय बरोबर आहेत. लघवीत जंतू सापडणं म्हणजे संसर्ग नव्हे. उतारवयात मूत्राशयात जंतू ठाण मांडून असतात, सोबत पस सेल्सही दिसतात. त्रास नसताना अँटिबायोटिक दिलं तर रिपोर्ट चार दिवस स्वच्छ येतो, मग जंतू परततात आणि पुष्कळदा त्या औषधाला दाद न देणारे असतात. मधुमेह असला तरी हेच. खरं तर त्रास नसताना त्यांचं कल्चर करायलाच नको होतं.

गर्भारपण हा अपवाद. मूत्रवाहिन्या सैलावतात, वरून गर्भाशयाचा दाब, लघवी साचून राहते आणि जंतू किडनीपर्यंत चढतात. म्हणून त्रास नसला तरी उपचार करतात. दुसरा अपवाद, मूत्रमार्गात दुर्बिणीची शस्त्रक्रिया व्हायची असेल आणि आतल्या अस्तराला इजा होणार असेल तेव्हा.

जाऊबाईंना कुठली गोळी दिली आहे?

ओवी_२
नायट्रोफ्युरँटॉइन एसआर १००, दिवसातून दोनदा, ५ दिवस. आणि सासूबाई कधी गोंधळल्यासारख्या वागल्या तर?

सूक्ष्मदर्शक
गोळी पाचव्या महिन्यात चालते. प्रसूती जवळ आली की टाळतात, कारण बाळाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. जेवणासोबत घ्यावी, पोटात ढवळत नाही आणि शोषलीही चांगली जाते. लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली तर घाबरू नका. जळजळीचं म्हणून मिळणारं अल्कलायझर सिरप मात्र सोबत नको. हे औषध आम्लधर्मी लघवीत जास्त चालतं, सिरप नेमकं उलटं करतं. कोर्स संपल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर.

सासूबाई गोंधळल्या तर आधी पाणी कमी पडलंय का, बद्धकोष्ठ आहे का, साखर किती आहे, नवी गोळी सुरू झाली आहे का, हे बघा. नुसत्या गोंधळावर 'युरीन इन्फेक्शन'चा शिक्का मारला की खरं कारण राहून जातं. नव्याने जळजळ, सारखी लघवीची घाई, ओटीपोटात दुखणं किंवा ताप असेल तरच कल्चर.

पाचवा_मजला
इथेच विचारतो. वडिलांना महिनाभर कॅथेटर (लघवीची नळी) आहे. लघवी गढूळ, वास येतो. युरोबॅगेतून (लघवी साठते त्या पिशवीतून) नमुना दिला तर तीन प्रकारचे जंतू आले.

रात्रपाळी
बॅगेतल्या नमुन्याला अर्थ नाही, तिथे जंतू तासन्‌तास वाढत असतात. वास आणि गढूळपणाही धरू नका. ताप, हुडहुडी, कुशीत दुखणं, रक्तदाब उतरणं, यातलं काही असेल तर आधी कॅथेटर बदलायचा आणि नव्या कॅथेटरच्या पोर्टमधून (नमुन्यासाठीच्या तोंडातून) सिरिंजने नमुना घ्यायचा. जुन्या नळीच्या आत जंतूंचा चिकट थर बसलेला असतो, त्यात औषध पोचत नाही. ती तशीच ठेवून अँटिबायोटिक दिलं तर ताप उतरतो आणि पुन्हा चढतो.

वरची नायट्रोफ्युरँटॉइन बघून त्यांना तीच सुरू करू नका. ती लघवीत उतरते, पण प्रोस्टेट आणि किडनीच्या पेशींत पुरेशी पोचत नाही. पुरुषाला तापासकट संसर्ग झाला की औषध कल्चर बघूनच ठरवायचं, कोर्सही साधारण ७ दिवसांपासून पुढे.

तान्ह्या बाळाचंही असंच. चिकटवायच्या पिशवीतल्या लघवीत त्वचेवरचे जंतू मिसळतात. त्यातली डिपस्टिक (लघवीत बुडवायची तपासणी-पट्टी) निगेटिव्ह आली तर ठीक, पण त्या नमुन्यावर कल्चर करून निदान करू नये. तिथे सहसा बारीक नळीने नमुना घ्यावा लागतो.

ओवी_२
जाऊबाईंचा पुढचा नमुना घरून नेला तर चालेल?

रात्रपाळी
चालेल. जागा पाण्याने धुऊन सुरुवातीची धार सोडायची, मधली निर्जंतुक डबीत धरायची. दोन तासांत लॅबमध्ये द्या. जमणार नसेल तर फ्रीजमध्ये ४ अंशांना ठेवा, २४ तासांच्या आत पोचवा. बाहेर राहिला की मोजकेच जंतू लाखावर जातात.

ताप ३८ अंशांच्या वर, थंडी किंवा उलट्या सुरू झाल्या तर मात्र नमुन्यासाठी थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.