मराठीला सगळी वाचन-ॲपं सारखीच? अजिबात नाहीत

दौतटाक: "टॅबवर किंडल टाका आणि विषय संपवा, मराठीला सगळी ॲपं सारखीच" असं एकाने ठणकावून लिहिलंय. साफ चूक. किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तकं मिळतात, खरेदी सोपी आहे, मान्य. पण टॅबवरच्या किंडल ॲपमध्ये आपला फाँट घालता येत नाही. समोरचा फाँट हिंदी वळणाचा असला की ल आणि श तसेच वाचायचे. मून प्लस किंवा कोरीडर या वाचन-ॲपांमध्ये 'टिरो देवनागरी मराठी' हा फाँट टाका, प्रश्न मिटतो. कोरीडरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडली, जोडाक्षरं फुटली तर 'फाँट कर्निंग' ही सेटिंग 'बेस्ट'वर आहे का बघा. 'फास्ट'वर देवनागरीची जुळणी होतच नाही.

सरळवाचक: ल-शच्या वळणासाठी कोण ॲप बदलतं? फोनवर सोडलेलं पान टॅबवर उघडलं पाहिजे, ते महत्त्वाचं. किंडल आणि गूगलचं प्ले बुक्स ते आपसूक करतात, प्ले बुक्स तर आपण चढवलेल्या ईपब म्हणजे ई-पुस्तकाच्या फाईललाही. कोरीडरमध्ये खातं उघडा, दोन्हीकडे पान जुळवायचं प्लगिन लावा, शिवाय मुळातल्या सेटिंगमध्ये फाईल दोन्हीकडे तंतोतंत तीच हवी. कॅलिबर या संगणकावरच्या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसतं मुखपृष्ठ बदललं तरी पान जुळत नाही.

खिळेजुळारी: वळणाचं सोडा, ऱ्याचं बोला. 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना, 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना. हा ऱ्य दोन तऱ्हांनी टंकला जातो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र्‌ नंतर अदृश्य जोडचिन्ह टाकून. फाईल साफ करताना ते जोडचिन्ह कचरा समजून उडवलं की आचाऱ्याचा आचार्य झाला! शोधतानाही तेच. एका तऱ्हेने 'दुसऱ्या' टंकलं तर दुसऱ्या तऱ्हेचे सापडतीलच असं नाही.

सरळवाचक: प्रश्न ॲपचा, तुम्ही ऱ्यावर कुठे घसरलात? फाईल खराब असेल तर ॲपचा काय दोष?

खिळेजुळारी: घसरलो नाही, मुद्दा तोच आहे. आपली ईपब असेल तर कॅलिबरच्या एडिटरमध्ये र्, जोडचिन्ह शोधून जागी ऱ् घाला, दोन मिनिटांत पुस्तक शुद्ध. मात्र हे जोडचिन्ह उडण्याआधी. नंतर कुठला र्य कुठला होता ते यंत्राला कळत नाही, एकेक शब्द वाचावा लागतो. किंडलवर विकत घेतलेल्या पुस्तकाचं काय करणार? बहुतेक पुस्तकांची फाईल संकेतस्थळावरून संगणकावर उतरवायची सोय ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये काढून टाकली. पैसे मोजून घेतलेल्या बहुतेक पुस्तकांतली चूक आपल्याला दुरुस्त करता येत नाही, आणि म्हणे ॲपं सारखीच!

जुनीपानं: तुम्ही दोघं ईपबवर भांडताय. जुनं मराठी बरंचसं पीडीएफ आहे, स्कॅन नाहीतर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटातलं. श्रीलिपीवाल्या फाईलीतला मजकूर काढून नव्याने मांडणारं ॲप घेतलंत तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी येते, कारण आत अक्षरंच तशी साठवलेली असतात. कोरीडरचा रीफ्लो शब्दांची चित्रं कापून पुन्हा रचतो, म्हणून फाँट कुठलाही चालतो. पान उलटायला वेळ लागतो, तक्ते मोडतात. साध्या पुस्तकाला समास कापणं पुरतं. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराचं पान साडेपाच इंच रुंद, ८ इंची टॅबचा पडदा साधारण सव्वाचार. दोन्हीकडचे पाऊण-पाऊण इंच गेले की छापील आकाराचीच अक्षरं मिळतात.

सरळवाचक: बरं, पीडीएफपुरतं कोरीडर मान्य. ऱ्याचं मान्य नाही, ते प्रकाशकाचं काम आहे. आणि विकत घेतलेलं किंडलवरच वाचावं लागणार, म्हणजे दोन ॲपं आलीच.

खिळेजुळारी: प्रकाशकाचं काम आहेच. ते होईपर्यंत किंडलमध्ये काही शोधलंत तर दोन्ही तऱ्हांनी टंकून बघा.