लेख उघडायला सात सेकंद, आधी काय कापू?

नारायणपेठी: स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय संबंधांवरची मराठी साइट आहे, वर्डप्रेसवर. वाचक बहुतेक पेठांमधल्या अभ्यासिकांतले. साधा अँड्रॉइड फोन, मोबाइल डेटा. ‘नाटो देशांचं लष्करी परावलंबन’ हा लेख चाचणीत असा येतो: पहिला बाइट (सर्व्हरच्या उत्तराची सुरुवात) १.४ सेकंदांनी, एलसीपी (पडद्यावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) ६.८ सेकंद, सीएलएस (उघडताना मजकूर किती सरकतो त्याचा आकडा) ०.३१, वजन ५.१ एमबी. सर्व्हर अमेरिकेत, व्हर्जिनियात. वर मोठा नकाशा, खाली दोन यूट्यूब व्हिडिओ, दोन गूगल फाँट. कॅशिंगचं (तयार पान साठवून तेच पुन्हा देण्याचं) प्लगइन टाकूनही फरक नाही.

तिसरा_मजला: प्लगइनवर प्लगइन चढवू नका, आधी अंतर बघा. पुणे ते व्हर्जिनिया जाऊन-येऊन एका फेरीला २०० मिलिसेकंदांच्या वर लागतात. नव्या कनेक्शनला टीसीपीची (जोडणीची) एक फेरी, टीएलएस १.३ ची (सुरक्षिततेची) एक आणि पानाच्या मागणीची एक. म्हणजे सर्व्हरने काहीही न करता ६०० गेले, टीएलएस १.२ असेल तर आणखी एक फेरी. सर्व्हर मुंबईत आणा. मायक्रोसॉफ्टच्या अझुर क्लाउडचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग तर पुण्यातच आहे.

१.४ सेकंदांतले उरलेले ८०० वर्डप्रेसचं पीएचपी आणि डेटाबेस खातायत, म्हणजे कॅश चालतच नाहीये. इन्कॉग्निटोत पान दोनदा उघडून रिस्पॉन्स हेडर बघा. दुसऱ्यांदाही ‘मिस’ (साठवलेलं पान वापरलं नाही) आलं, तर बहुधा एखादं प्लगइन प्रत्येक पाहुण्याला कुकी चिकटवतंय. कुकी दिसली की बरेच कॅश बाजूला होतात. पहिला बाइट ०.८ सेकंदांच्या आत यायला हवा.

कात्रज_बायपास: ६.८ चा मोठा वाटा नकाशाचा असणार. ४००० पिक्सेलची फाइल फोनला कशाला? १०८० रुंदीची वेगळी आवृत्ती द्या. फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये ७५–८० क्वालिटीवर चालतात, पण नकाशावरची बारीक अक्षरं त्यात पुसट होतात. त्यासाठी एसव्हीजी (रेषांनी बनणारं चित्र) किंवा काहीही न गमावणारा लॉसलेस वेबपी. वरच्या चित्राला लेझी लोडिंग (गरज पडेल तेव्हाच मागवणं) लावलं असेल तर काढा; ब्राउझर तेच उशिरा मागवतो आणि एलसीपी बिघडतो. लेझी फक्त खालच्यांना. प्रत्येक चित्राला रुंदी-उंची लिहा, सीएलएस ०.१ च्या खाली येण्याची सुरुवात तिथून.

ब्रॉटली, म्हणजे सर्व्हरवरून मजकूर दाबून पाठवण्याची पद्धत, सुरू आहे का तेही पाहा. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, त्यामुळे मराठी मजकुराला दाबण्याचा फायदा चांगलाच होतो.

पाषाण_रोड: परक्या सर्व्हरवरची प्रत्येक वस्तू म्हणजे नवं कनेक्शन. गूगल फाँटला तर दोन: स्टाइलशीट एका डोमेनवरून, फाँट दुसऱ्यावरून. ‘वाचकाकडे आधीच कॅश असेल’ हा युक्तिवाद आता विसरा. क्रोम ८६ पासून, म्हणजे २०२० पासून, कॅश साइटनिहाय वेगळा असतो.

उदाहरण तुमच्याच विषयातलं. ब्रिटनच्या पाणबुड्या आणि वॉरहेड स्वतःचे, पण ट्रायडंट क्षेपणास्त्रं अमेरिकेबरोबरच्या सामायिक साठ्यातली. त्यांची देखभाल जॉर्जियातल्या किंग्ज बे तळावर. फ्रान्सचं एम-५१ क्षेपणास्त्र मात्र घरचं. फाँट फ्रान्ससारखे ठेवा: डब्ल्यूओएफएफ२ (वेबसाठी दाबलेली फाँट) फाइल आपल्याच सर्व्हरवर, कॅश एक वर्षाचा, बदल झाला की फाइलचं नाव नवं. व्हिडिओ ब्रिटनसारखे राहू देत, ते स्वतः पोसणं परवडायचं नाही. फक्त आधी चित्र आणि प्लेचं बटण दाखवा, बोट लागल्यावरच यूट्यूबचा आयफ्रेम (पानात बसवलेली त्यांची खिडकी) आणा. नाहीतर कुणी व्हिडिओ न बघताही शेकडो केबीची स्क्रिप्ट उतरते.

नारायणपेठी: फाँट घरी आणला, एका ऑनलाइन साधनाने छोटाही केला. आता ‘क्ष’ चा ‘क्‌ष’ दिसतो!

पाषाण_रोड: साधनाने फाँटमधलं जीसब टेबल उडवलंय; जोडाक्षरं त्यातूनच घडतात. फाँट छोटा करायला पायएफटीसबसेट हे साधन वापरा आणि लेआउट फीचर्स सगळी ठेवा. अक्षरांच्या यादीत ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा युनिकोड पट्टा, रुपयाचं चिन्ह २०बी९, शिवाय २००सी आणि २००डी हे न दिसणारे तोडक आणि जोडक. काही लोक ‘दुसऱ्या’मधला र २००डी वापरून टाइप करतात, तो यादीत नसला तर नेमका तोच शब्द फुटतो. स्टाइलशीटमधल्या युनिकोड-रेंजमध्येही (फाँट कोणत्या अक्षरांसाठी ते सांगणारी ओळ) हीच यादी लिहा. आणि पानाची भाषा ‘एमआर’ (मराठीचा कोड) ठेवा. सोय असलेल्या फाँटमध्ये ल आणि श त्यामुळेच मराठी वळणाचे येतात.

कात्रज_बायपास: तपासताना घरच्या वायफायवर जाऊ नका, क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये कॅश बंद करून ‘स्लो ४जी’ लावा. गूगलच्या पेजस्पीड चाचणीमधले खऱ्या वाचकांचे आकडे २८ दिवसांचे असतात, त्यामुळे उद्या लगेच हिरवं दिसलं नाही म्हणून परत प्लगइन टाकू नका.