गिअरबॉक्सकडून ऑईल गळतंय, पूर्ण इंजिन खोलावंच लागेल का?

यावलचा_पोऱ्या
राम राम मंडळी. १०० सीसीची गाडी आहे, २०१३ ची, आधी वडील वापरायचे आता मी, यावल-भुसावळ रोज ये-जा. महिनाभरापासून सकाळी गाडी काढली की ओट्याखाली फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसतो, डाव्या बाजूला, गिअरच्या दांडीच्या जरा मागे. काल पुसायला बसलो तर मागच्या टायरच्या कडेलाही तेलकट ओल लागली हाताला. मिस्त्री म्हणे गिअरबॉक्सचं पॅकिंग गेलं, इंजिन पूर्ण खोलायचं, साडेसहा हजार. कापसाचे पैसे अजून हातात नाहीत आणि गाडीशिवाय ड्युटीला जाणं होत नाही. खरंच एवढं काम आहे का? आणि गिअर ऑईल वेगळं टाकत राहिलो तर चालेल का तोवर?

जुना_मिस्त्री_जळगाव
भाऊ, शेवटचं आधी सांगतो कारण त्यातच जास्त नुकसान होतं. तुझ्या गाडीत गिअर ऑईल वेगळं नसतंच. फोर स्ट्रोक १०० सीसीला इंजिन, क्लच, गिअर सगळ्यांना एकच ऑईल, आणि ते सगळं मिळून साधारण लिटरभर. म्हणजे गिअरकडून गळतंय तेच वर पिस्टनलाही कमी पडतंय. रोज सकाळी लेव्हल बघ, गाडी मेन स्टँडवर सपाट जागी लावून. आपल्याकडच्या पंचेचाळीस डिग्रीत कमी ऑईलवर भुसावळपर्यंत पळवली तर मग खरंच इंजिन खोलावं लागेल.

आता गळती. पुढच्या सॉकेटमागे (सॉकेट म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक) गिअरचा शाफ्ट बाहेर येतो तिथे ऑईल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी असते, त्याच्याजवळच गिअर दांडीच्या शाफ्टचं सील, न्यूट्रल स्विचची ओ-रिंग (गोल रबरी कडं), आणि खाली ड्रेन बोल्टचं वायसर. गळती वरची असली तरी थेंब खालीच येऊन पडतो, म्हणून डाग बघून ठरवू नको. सॉकेटचं कव्हर काढ, आत चेनचं ग्रीस आणि शेतातली काळी माती मिळून वडीसारखा थर बसलेला असेल तो पेचकसने खरवड, रॉकेल नाहीतर डिझेल आणि जुन्या ब्रशने धू, फडक्याने कोरडं कर आणि वर अंगाला लावायची पावडर भुरभुर. सॉकेट फिरताना कपडा-बोट लांब ठेव. मेन स्टँडवर दहा मिनिटं इंजिन चालू ठेव, बंद करून टॉर्च घेऊन बघ, पावडर जिथे पहिली ओली होईल तिथूनच गळतंय.

शाफ्टचं सील असेल तर बहुतेक गाड्यांत ते बाहेरूनच निघतं, सॉकेट उतरवायचं, जुनं सील उचकायचं, नव्याच्या ओठाला ऑईल लावून सरळ बसवायचं. काही मॉडेलमध्ये सीलला आतून कडा असते तिथे मात्र इंजिनची केस (बाहेरचं कवच) उघडावीच लागते, ते तुझ्या गाडीचं बघून घे. पण सॉकेट धरून वर-खाली हलव, शाफ्ट खटखट हलला तर बेअरिंग गेलंय आणि मग तुझा मिस्त्री बरोबर आहे.

धुळेकर_सायकलमोटर
टायरवर ऑईल आहे हे वाचून लिहितोय, बाकी नंतर कर भो पण ते आजच साबणाच्या पाण्याने धू. मी तीन वर्षांपूर्वी साक्री रोडला असंच वळणावर घसरलो, गुडघ्याला टाके पडले. आणि चेन किती ताणलीय ते बघ. मधोमध बोटाने वर-खाली दोन-तीन सेंटीमीटर हलली पाहिजे. ताठ चेन शाफ्टला सारखी मागे ओढते, त्यानेच सील एका बाजूने झिजतं, नवं टाकूनही वर्षभरात परत गळतं.

आरएक्सवाला_चोपडा
वेगळं गिअर ऑईल हा प्रश्न लोकांना पडतो तो आमच्या टू स्ट्रोकमुळे. आरएक्स १००, येझदी यांच्यात गिअरबॉक्सचं ऑईल खरंच वेगळं, जुन्या कास्ट आयर्न बुलेटचंही तसंच. म्हणून कुणी सांगितलं म्हणून ९० नंबरचं घट्ट ऑईल तुझ्या गाडीत ओतू नको. कारचंही नको, क्लच घसरेल. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच टाक, आणि डब्यावर जासो एमए (ऑईलमध्ये बुडालेला क्लच असलेल्या बाईकसाठीच्या ऑईलची खूण) लिहिलेलं बघ. लेव्हलच्या वर भरलं तरी सीलवर आणि ब्रीदरवर (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीवर) दाब येऊन गळतं, ते पण तपासून घे.

यावलचा_पोऱ्या
मंडळी, रविवारी केलं. थर एवढा निघाला की पेपरवर मूठभर ढीग झाला. पावडर सॉकेटच्या मागे अर्धचंद्रासारखी ओली झाली, बाकी सगळीकडे कोरडी. शाफ्ट हलत नाही. चेन मात्र एकदम तार, मागच्या महिन्यात एका ठिकाणी ताणून घेतली होती तिथूनच हे सुरू झालं असं आता वाटतंय. दुसऱ्या मिस्त्रीकडून सील बदललं, सीलच्या आत शाफ्टबरोबर फिरणाऱ्या कॉलरवर (कड्यावर) नखाला लागेल अशी चर पडली होती म्हणून कॉलर आणि आतली ओ-रिंगही बदलली, नवीन ऑईल आणि मजुरी धरून ८५० झाले. चार दिवस फरशी कोरडी आहे. @जुना_मिस्त्री काका, लेव्हल अजून रोज बघू का?

जुना_मिस्त्री_जळगाव
पंधरा दिवस रोज बघ, मग आठवड्याला एकदा. आणि ५०० किलोमीटर झाले की चेनचा ताण परत मोज.