एक्सपोज्ड विटेची बाहेरची चार इंची भिंत: सळई टाकली की टाय नकोत का?

वारजेकर_बांधतोय:
नमस्कार मंडळी. वारज्याला घर बांधतोय, तळमजला अधिक दोन, आरसीसी फ्रेम आणि मधे १५० एमएमचे एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक. रस्त्याच्या दोन बाजूंना बाहेरून खऱ्या विटेचं दर्शनी काम करायचंय, वायरकट विटेची चार इंची भिंत, ब्लॉकपासून ४० एमएम गॅप सोडून. बाबांची हौस आहे, प्लास्टर-पेंट दर चार वर्षांनी कोण करत बसणार म्हणतात, आणि टाइल चिकटवू का विचारलं तर माझ्याकडे असे बघतात की जाऊ दे.

तर भांडण असं आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो दर चार रद्द्यांना (विटांच्या थरांना) आठ एमएमची सळई टाकतो, दोन्ही टोकं ड्रिल मारून कॉलममध्ये घुसवतो, भिंत रिइन्फोर्स्ड झाली, मग वादळ येऊ दे नाहीतर भूकंप. आर्किटेक्ट मॅडम म्हणतात सळई असो नसो, मागच्या भिंतीला स्टेनलेसचे टाय (दोन भिंतींना जोडून धरणारे धातूचे तुकडे) पाहिजेतच. त्यावर हा हसून म्हणाला, "विटेला काय सेफ्टी पिना लावायच्या?" मला हसू आलं पण रात्री झोप नाही आली. नक्की कोण बरोबर? आणि टाय म्हणजे किती, कुठे, कसे? पहिला स्लॅब गेल्या आठवड्यात पडला.

ओळंबा:
मॅडम बरोबर आहेत. पण तुमचा कॉन्ट्रॅक्टर पूर्ण चूक नाही, त्याने दोन वेगळी कामं एका सळईच्या गळ्यात मारलीत एवढंच.

ही बाहेरची भिंत घराचं काही उचलत नाही, ती अंगरखा आहे. अंगरख्याला तीन गोष्टी लागतात. वजन खाली कशावर तरी टेकलं पाहिजे, आडवा जोर (वारा, भूकंप) मागच्या भिंतीला पोचला पाहिजे, आणि वीट फुगते-तापते तेव्हा तिला हलायला जागा पाहिजे. जॉइंटमधली सळई यातलं पहिलं करत नाही, तिसरं तर नाहीच नाही. ती भेगा आवरते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते ती धरून ठेवते, आणि दोन टायमधल्या विटा एकत्र वागायला लावते. हे सगळं उपयोगाचंच आहे, पण भिंत बाहेरच्या बाजूला पडायला लागली तर मागे कोण खेचणार?

आकडे बघा म्हणजे पटेल. १०० एमएम विटेचं वजन चौरस मीटरला साधारण १९० किलो. चार मीटर लांब, तीन मीटर उंच असा एक गाळा धरला तर सव्वादोन टन, तेवढं तुमच्या दारावर टांगलेलं असणार. आता वारा. पुण्याचा बेसिक विंड स्पीड ३९ मीटर पर सेकंद, ०.६ गुणिले वेगाचा वर्ग केला की चौरस मीटरला ९१२ न्यूटन, म्हणजे ९३ किलोच्या आसपास. टाय उभ्यात ४५० ला आणि आडव्यात ५०० ला दिले तर एका टायच्या वाट्याला ०.२२५ चौरस मीटर, जोर २१ किलो. इमारतीच्या कोपऱ्यात वारा भिंत बाहेर ओढतो, तिथे दुप्पट धरा. भूकंपासाठी वजनाच्या निम्मा आडवा धरला तरी तेवढाच येतो. म्हणजे एका टायला २० ते ४० किलो. ऐकायला काहीच नाही, भाजीची मोठी पिशवी. पण ती पिशवी प्रत्येक टायने पन्नास वर्षं धरायची आहे, ओल्या अंधाऱ्या गॅपमध्ये, जिथे कुणी पुन्हा बघणार नाही.

अमेरिकन कोडात बऱ्याच प्रकारच्या टायना प्रत्येकी जास्तीत जास्त २.६७ चौरस फूट, म्हणजे पाव चौरस मीटर, आणि भूकंपाच्या वरच्या कॅटेगरीत त्याचा पाऊणपट. पुणे भूकंपाच्या झोन तीनमध्ये, तेव्हा मी ४५० × ५०० च्या पुढे जाणार नाही, आणि खिडकी-दाराच्या कडेपासून ३०० एमएमच्या आत जास्तीची एक रांग. टायचं टोक विटेच्या जॉइंटमध्ये निदान ५० एमएम आत जायला हवं आणि बाहेरच्या तोंडापासून १५-१६ एमएम मागे थांबायला हवं.

एएसी आहे म्हणून मुद्दाम सांगतो. त्यात साधा एक्स्पान्शन बोल्ट मारू नका, ब्लॉक आतल्या आत भुगा होतो आणि बोल्ट वरून छान घट्ट दिसतो. एएसीचे जॉइंट तीन एमएम ॲडहेसिव्हचे, त्यात वाकवलेली जाड पट्टीही बसत नाही. एएसीसाठीच बनवलेला पिळाचा टाय किंवा योग्य फास्टनर घ्या, आणि शक्य तिथे कॉलम-बीमला धरा.

आठच्या सळईबद्दल: जॉइंट १० एमएमचा, सळई ८ ची. कव्हर किती राहिलं? काहीच नाही. आमच्या एका साइटवर असंच केलं होतं, सातव्या पावसाळ्यात दर चौथ्या रद्द्याला आडवी रेघ उठली, गंजून फुगलेल्या सळईने दर्जा (जॉइंटमधला माल) ढकलून बाहेर काढल्या होत्या. घालायचीच तर ४ एमएमच्या दोन तारांची शिडी, स्टेनलेस किंवा दणकून गॅल्व्हनाइज केलेली, आणि कॉलममध्ये घुसवायची नाही. टोकं कॉलममध्ये पक्की केली की विटेला हलायला जागाच उरत नाही.

चिकटवाचिकटवी:
२० एमएमच्या वीट टाइल लावा, ॲडहेसिव्हने चिकटवा, विषय संपवा. लांबून बाबांना काय कळणार आहे 😀

वारजेकर_बांधतोय:
@चिकटवाचिकटवी बाबा तीस वर्षं पीडब्ल्यूडीत होते हो. नखाने टकटक करून ओळखतील.

@ओळंबा खूप खूप आभार, तुमचा मेसेज प्रिंट काढून कॉन्ट्रॅक्टरला दिला. दोन शंका. वीट फुगते म्हणजे काय, भट्टीतून निघालेली वीट आणखी काय फुगणार? आणि "वजन खाली कशावर तरी टेकलं पाहिजे" वाचून पोटात गोळा आला, कारण पहिल्या स्लॅबला विटेला टेकायला बाहेर पट्टी काढलेलीच नाहीये. बीमचं तोंड सपाट आहे. पूर्ण नऊ-दहा मीटर प्लिंथवरून सरळ वर नेली तर?

ओळंबा:
भट्टीतून निघाली की ती हवेतली ओल घेत फुगत जाते, परत आकसत नाही. डिझाइनला ०.०००५ धरतात. तीन मीटर उंचीला दीड एमएम, त्यात उन्हाचं पाऊण-एक एमएम. उलट तुमचं काँक्रीट आणि एएसी दोन्ही आकसणारे. वीट वर चाललीय, फ्रेम खाली येतेय, आणि मधे गवंड्याने माल ठासून भरला की अख्ख्या मजल्याचा भार त्या अंगरख्यावर. मग पोट काढून बाहेर येते भिंत. म्हणून दर मजल्याला आधार आणि त्या आधाराच्या बरोबर खाली १२ एमएमची मऊ फट, फोमची दोरी आणि वरून सीलंट. तिथे माल नाही, अजिबात नाही, "थोडासा" पण नाही. आडव्यात पण तेच, १२ मीटर सलग भिंत साडेनऊ एमएम वाढायला बघते, तेव्हा सहा-सात मीटरला एक उभा जॉइंट द्या आणि एक कोपऱ्याजवळ.

प्लिंथवरून सरळ वर नेता येते, जगात करतात, पण मग वर जाता जाता फ्रेम आणि वीट यांच्यातला फरक साठत जातो, वरच्या खिडक्यांच्या चौकटीशी सगळा हिशोब चुकतो आणि टाय उभ्यात वाकणारे लागतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिॲटल वगैरेकडे पोकळ विटेत उभ्या सळया घालून ग्राउट (पातळ काँक्रीट) भरतात, ती खरी रिइन्फोर्स्ड व्हिनियर (दर्शनी थर), मजल्यापासून मजल्यापर्यंत स्लॅबसारखी वाकून जोर घेते आणि मोजक्याच जागी धरलेली असते. तुमच्या कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यात बहुतेक तसलंच काहीतरी आहे. पण त्याला पोकळ वीट पाहिजे आणि मोजून केलेलं डिझाइन पाहिजे, चार रद्द्यांना एक सळई म्हणजे ते नव्हे.

तुम्हाला आता अँगल लावावा लागेल. गॅप ४०, वीट १००, वीट निदान दोन तृतीयांश टेकली पाहिजे म्हणजे अँगलचा पाय ११० च्या वर, १३०×१३०×१० घेतला तर ९० एमएम टेकते. गॅल्व्हनाइज करून, केमिकल अँकरने (भोकात रेझिनने चिकटवलेल्या बोल्टने) बीमला. पण अँकर किती अंतरावर, आणि बीमला तोंडावरून मीटरला ५७० किलो लटकणार त्याने बीम पिळला जाईल का, हे तुमच्या स्ट्रक्चरलवाल्याकडून लिहून घ्या. फोरमवरून नाही. दुसऱ्या स्लॅबला तरी सेंटरिंग करतानाच पट्टी काढा.

पावसाळी_चिपळूणकर:
मधेच घुसतो. स्टेनलेस म्हणून दुकानदार देतो ते बहुतेक ३०४ ग्रेडचं असतं, पुण्याला चालेल. खाडीजवळ, समुद्राजवळ कुणी वाचत असेल तर ३१६ घ्या. आणि पाणी निथळायला भोकं ठेवा राव! चार इंची विटेतून पाणी आत येतंच, ते अडवायचं नसतं, बाहेर काढायचं असतं. प्रत्येक आधारावर खालच्या रद्द्यात दर तिसरा उभा जॉइंट मोकळा आणि त्याच्या मागे फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणारा पत्रा किंवा पडदा). नाहीतर दोन वर्षांत पांढरा खार फुटतो आणि लोक विटेला शिव्या देतात.

धुक्यातला_मावळा:
मी स्कॉटलंडला असतो, साइट सुपरवायझर. "सेफ्टी पिना" वाचून राहवलं नाही. जानेवारी २०१६ मध्ये वादळात एडिंबराच्या एका शाळेची बाहेरची भिंत पडली, नऊ टन. पहाटेची वेळ म्हणून मुलं नव्हती. मग तपासणीसाठी शहरातल्या १७ शाळा बंद ठेवल्या. चौकशीत काय निघालं, टाय होते! पण मधला गॅप ड्रॉइंगपेक्षा रुंद झाला होता, त्यामुळे टायची टोकं बाहेरच्या जॉइंटमध्ये पुरेशी पोचलीच नव्हती. ५० एमएम पाहिजे तिथे नावाला अडकलेली.

तेव्हा ओळंबा साहेबांचे ५० एमएम कागदावर नको, परांचीवर मोजा. एएसीची भिंत जिथे आत गेलीय तिथे गॅप ४० चा ५५ होतो आणि त्याच लांबीचा टाय कमी पडतो. आधी भिंतीचा ओळंबा तपासा, मग टायची लांबी ठरवा. आम्ही रोज संध्याकाळी फोटो काढतो, विटेने टाय झाकायच्या आधी, टेप लावून.

अजून एक गावठी युक्ती. थापीने झटकलेला माल गॅपमध्ये पडून टायवर साठतो आणि त्यावरून पाणी आत चालत येतं. गॅपच्या रुंदीची फळी दोन दोऱ्यांना बांधून टायवर आडवी ठेवायची, वर चार-पाच रद्दे झाले की वर ओढून खरवडायची, पुढच्या टायवर ठेवायची. गवंडी पहिल्या दिवशी वैतागतो, तिसऱ्या दिवशी स्वतःच मागतो.

औसेकर:
आमचं आजोळ किल्लारीच्या अलीकडे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाला मी सात वर्षांचा होतो. ती घरं विटेची नव्हती, दोन-अडीच फूट जाड दगडमातीच्या भिंती, आत एक थर, बाहेर एक थर, मधे भर. दोन्हींना बांधणारा आरपार दगड कुठे नव्हता. बाहेरचा थर गल्लीत पडला आणि आतला घरात. नंतर दुरुस्ती करताना भिंतीला भोकं पाडून आत सळई घालून काँक्रीट भरलेले मी पाहिलेत, दोन थर एकमेकांना धरायला. इथे गॅप ४० एमएमचा आणि वीट वायरकट, पण प्रकरण तेच आहे की. घाला टाय.

वारजेकर_बांधतोय:
अपडेट. स्ट्रक्चरलवाल्यांनी अँगल मंजूर केला, अँकर ४०० ला, आणि बीमचं परत चेक करून दिलं. दोन मीटरचा नमुना उभा केला जिन्याच्या बाजूला. एएसीमध्ये पिळाचे टाय मारले, मग काट्याला अडकवून ओढून बघायचं ठरलं. गावाकडचा पोत्याचा स्प्रिंगकाटा आणला, शंभर किलोचा. पहिला टाय ७० ला पण हलला नाही. दुसरा ३० ला निघून आला, बघितलं तर मुलाने ब्लॉकच्या अगदी कडेला मारला होता. कॉन्ट्रॅक्टर स्वतः वाकून भोकात बोट घालून बघत होता, मग त्या मुलाला म्हणाला कडेपासून चार बोटं सोड. सेफ्टी पिना शब्द परत काढला नाही.

बाबा खुर्ची टाकून बसलेत समोर. फळी-दोरीवर त्यांचीच देखरेख आहे. आता फक्त एकच, १:४ (सिमेंट:वाळू) माल लावू की चुना घालून १:१:६ (सिमेंट:चुना:वाळू)?

ओळंबा:
१:१:६. कडक माल केला की भेग जॉइंट सोडून विटेतून जाते. आणि कडेचा जो टाय निघाला त्या रांगेतले सगळे परत ओढून बघा, त्या मुलाने एकच थोडा मारला असेल.